अस्सल फेअरलेडी झेड कशी शोधावी?

जुन्या जपानी गाड्यांचा नाद असलेल्या वाचकांकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "जपानमध्ये एक झेड ४३२ विकायला आहे. फोटो सुरेख आहेत, किंमत इतरांपेक्षा बरीच कमी आहे. घेऊ का?" विचारणारे कधी न्यू जर्सीत असतात, कधी लंडनजवळ, कधी सिडनीत. पुण्यामुंबईतूनही विचारणा होते. सगळ्यांचा गोंधळ साधारण एकाच जागी असतो. गाडीच्या मागे लावलेला बिल्ला, रंग आणि चाके बघून ते गाडीची ओळख पटवतात. या गाडीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी पैसे टाकले की मिळतात. मिळत नाही तो पत्र्यावर कोरलेला नंबर आणि त्याच्याशी जुळणारे कागद. म्हणून शोधाची सुरुवात तिथून करा.

निसानने १९६९च्या ऑक्टोबरात ही गाडी जपानमध्ये फेअरलेडी झेड या नावाने आणली. परदेशात ती डॅटसन २४० झेड म्हणून गेली. एस ३० या सांकेतिक नावाने ओळखली जाणारी ही पहिली पिढी १९७८पर्यंत चालली आणि पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यातल्या दुर्मीळ म्हणाव्यात अशा मोजक्याच. बाहेरचा सांगाडा मात्र जवळपास सगळ्यांचा सारखा, म्हणून साध्या गाडीची दुर्मीळ गाडी 'बनवणे' सोपे आहे. आणि त्यात नफा मोठा आहे.

आधी ठरवा: नेमकी कोणती हवी?

"दुर्मीळ झेड हवी" एवढे म्हणून शोधायला निघू नका. प्रत्येक प्रकाराची खूण वेगळी आणि फसवणुकीची तऱ्हाही वेगळी.

झेड ४३२. जपानमध्ये दोन लिटरच्या वरच्या इंजिनावर कर जबर होता. त्यामुळे घरच्या बाजारातल्या साध्या झेडमध्ये एल २० हे दोन लिटरचे, १३० अश्वशक्तीचे इंजिन होते. ४३२मध्ये मात्र त्याच काळातल्या स्कायलाइन जीटी-आरचे एस २० इंजिन बसवले होते: १,९८९ सीसी, १६० अश्वशक्ती, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, तीन कार्ब्युरेटर, दोन कॅमशाफ्ट. चार, तीन, दोन, म्हणून ४३२. अशा सुमारे ४२० गाड्याच बनल्या. मागून बघितले तर सायलेन्सरची दोन तोंडे एकावर एक असतात. मूळ चाके मॅग्नेशियमची. अर्थात सायलेन्सर आणि चाके आज कुणीही बसवू शकतो.

झेड ४३२-आर. ही शर्यतीसाठी हलकी केलेली आवृत्ती. फायबरचे बॉनेट, अ‍ॅक्रिलिकच्या खिडक्या, १०० लिटरची टाकी. मोजक्याच निघाल्या. २०२०च्या जानेवारीत टोकियोत एक ४३२-आर लिलावात ८ कोटी ८५ लाख ५० हजार येनला गेली. जाहिरातीत ४३२-आर आणि 'वाजवी किंमत' हे शब्द एकत्र दिसले तर पुढचे वाचण्यात वेळ घालवू नका.

२४० झेडजी. १९७१च्या अखेरीस जपानमध्ये २.४ लिटरचे इंजिन आले, त्याबरोबर ही आली. शर्यतीच्या नियमांत बसण्यासाठी लांब केलेले नाक, हेडलाइटवर पारदर्शक झाकणे, चाकांवर बाहेर आलेल्या कमानी. सर्वाधिक नकला याच गाडीच्या झाल्या आहेत, कारण ते नाक आणि त्या कमानी गेली पन्नास वर्षे सुट्या मिळत आहेत. बघायला मिळणाऱ्या बहुतेक 'झेडजी' मुळात साध्या झेड असतात.

सुरुवातीच्या अमेरिकी २४० झेड. १९७० आणि १९७१च्या आरंभी बनलेल्या गाड्यांच्या मागच्या दारावर हवेच्या जाळ्या असतात आणि बाजूच्या खांबावर '२४० झेड' अशी अक्षरे असतात. पुढच्या गाड्यांत तिथे गोल 'झेड'चे चिन्ह आले. शोधणाऱ्या नवख्याला माझा सल्ला यांच्यापासूनच सुरुवात करण्याचा आहे. कागद सापडतात, सुटे भाग मिळतात, जाणकारही भरपूर आहेत. स्वस्त मात्र समजू नका: १९७१ची एक उत्तम जपलेली गाडी २०२०मध्ये ३ लाख १० हजार डॉलरला विकली गेली.

निसानने स्वतः नव्याने बांधलेल्या गाड्या. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात निसानच्या अमेरिकी शाखेने जुन्या २४० झेड पूर्ण दुरुस्त करून विक्रेत्यांमार्फत विकल्या. योजना २०० गाड्यांची होती, प्रत्यक्षात चाळीसच्या आतच झाल्या. इथे गाडीपेक्षा तिच्याबरोबरची कागदांची फाइल महत्त्वाची. फाइल नसेल तर ती केवळ चांगली दुरुस्त केलेली झेड.

१९७७ची पिवळी 'झॅप' आणि १९७८ची 'ब्लॅक पर्ल' या २८० झेडच्या आवृत्त्या रंग आणि पट्ट्यांच्या आहेत. विक्रीच्या वेळचे मूळ बिल किंवा खिडकीवरचा किमतीचा कागद असेल तरच जादा पैसे द्या. तीच गोष्ट शर्यतीच्या रंगांची. शेखर मेहता या युगांडात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या चालकाने १९७३ची सफारी रॅली २४० झेडमध्ये जिंकली. त्या गाडीचे अनुकरण केलेल्या कितीतरी गाड्या आज फिरतात. अनुकरण सुंदर असू शकते, पण तो फक्त रंग आहे.

नंबर वाचायला शिका

चेसिस नंबर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीवर कोरलेला असतो. बॉनेट उघडले की दिसतो. शिवाय बॉनेटखाली एक पाटी असते, तिच्यावर गाडीचा प्रकार आणि इंजिनाचा प्रकार लिहिलेला असतो. अमेरिकी गाड्यांत डॅशबोर्डवर नंबरची पट्टी आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर उत्पादनाचा महिना व वर्ष असते. नंबरच्या आधीची अक्षरे अशी वाचा:

- एस ३०: जपानी बाजारातली दोन लिटरची साधी झेड
- पीएस ३०: झेड ४३२
- एचएस ३०: २.४ लिटर, उजव्या बाजूला स्टिअरिंग
- एचएस ३०-एच: २४० झेडजी
- एचएलएस ३०: २.४ लिटर, डाव्या बाजूला स्टिअरिंग, म्हणजे मुख्यतः अमेरिकेतली

४३२चा निर्णय यातून लगेच होतो. फायरवॉलवर पीएस ३० नसेल तर ती ४३२ नाही, बॉनेटखाली खरे एस २० इंजिन असले तरी. ते इंजिन स्कायलाइनमधून आलेले असू शकते. उलट पीएस ३०च्या सांगाड्यात एल मालिकेचे इंजिन असेल तर गाडी अस्सल, पण हृदय गेलेली. तिची किंमत ठरवताना एस २० इंजिन आज वेगळे घ्यायचे तर काय पडेल, याची चौकशी आधी करा. आकडा ऐकून बरेच जण मागे फिरतात.

झेडजीचे काम अवघड आहे. एचएस ३० ही अक्षरे ब्रिटन, ऑस्ट्रेलियात गेलेल्या साध्या २४० झेडवरही असतात, म्हणून तेवढ्याने झेडजी सिद्ध होत नाही. इथे जपानी नोंदणीचा कागद कामाला येतो. त्यावर गाडीची लांबी-रुंदी छापलेली असते. साधी झेड ४,११५ मिलिमीटर लांब आणि १,६३० रुंद, तर झेडजी ४,३०५ लांब आणि १,६९० रुंद. कागदावर आकडे सेंटिमीटरमध्ये असतात, तेव्हा ४३० आणि १६९च्या आसपासचे आकडे शोधा. नंबरप्लेटही बघा. जपानमध्ये दोन लिटरपर्यंतच्या गाड्यांचा वर्गांक ५ने सुरू होतो, त्यावरच्यांचा ३ने. ५च्या पाटीवरची 'झेडजी' दिसली तर ती दोन लिटरच्या साध्या झेडवर चढवलेले नाक आहे, असे धरून चाला.

जाहिरातीतले शब्द सांभाळून वाचा

जपानी जाहिराती यंत्राने भाषांतर करून वाचणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. विक्रेता खोटे बोलत नसतो, वाचणारा चुकीचा अर्थ घेतो.

- शियो: 'झेडजी शियो' म्हणजे झेडजीसारखी केलेली. भाषांतरात हे झेडजीचे अधिकृत मॉडेल असल्यासारखे दिसते.
- गेन्जो-वाताशी: आहे त्या स्थितीत. पुढची जबाबदारी तुमची.
- शोरुई-नाशी: कागद नाहीत. स्वस्त गाडीमागचे कारण बहुधा हेच.
- निकोइची: दोन गाड्या कापून केलेली एक. हा शब्द जाहिरातीत येणार नाही, पण विक्रेत्याला थेट विचारा.
- शोक्केन दाकोकु: मूळ नंबर वाचता येत नसल्याने सरकारी कार्यालयाने नवा कोरून दिलेला. नोंदणीला अडचण नाही, पण दुर्मीळ गाडीची सिद्धता मात्र गेली. अशा गाडीला अस्सलचा भाव देऊ नका.

लिलावाच्या तपासणी-पत्रकावर गाडीच्या आकृतीवर खुणा असतात. 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे दुरुस्तीनंतर राहिलेली लहर, 'एस' म्हणजे गंज, 'सी' म्हणजे पत्रा खाल्लेला. 'डब्ल्यू' आणि 'एस' जास्त दिसले तर थांबा. एकूण श्रेणी मात्र पन्नास वर्षांच्या गाडीबाबत फारसे काही सांगत नाही.

कोणते कागद मागाल?

गाडी जपानमध्ये अजून रस्त्यावर असेल तर तिचे शाकेन्शो, म्हणजे तपासणी व नोंदणीचे प्रमाणपत्र असते. चेसिस नंबर, गाडीचा प्रकार, इंजिनाचा प्रकार, मापे आणि पहिल्या नोंदणीचा महिना त्यावर असतो. वर्ष शोवा कालगणनेत असते. त्यात १९२५ मिळवा, म्हणजे शोवा ४५ हे १९७० झाले.

पुढची पायरी बहुतेक परदेशी खरेदीदार गाळतात. नंबरप्लेट आणि पूर्ण चेसिस नंबर दोन्ही हाती असतील तर जपानच्या परिवहन कार्यालयातून नोंदणीच्या तपशिलाचे प्रमाणपत्र काढता येते. सविस्तर प्रत मागितली तर आधीच्या मालकांच्या नोंदीही मिळतात. टोकियोत, विशेषतः एदोगावा भागात, मराठी कुटुंबे चांगल्या संख्येने आहेत. ओळखीचे कोणी असेल तर अर्ध्या दिवसाच्या या कामासाठी त्यांना अवश्य विनंती करा. विक्रेता दोन्ही नंबर द्यायला तयार नसेल, तर त्याचे कारण विचारा.

परदेशी न्यायची गाडी आधी नोंदणीतून काढावी लागते आणि निर्यातीचे नोंदणी-रद्द प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपल्या देशात नोंदणी करताना तुमचा मुख्य आधार हाच. त्याची मूळ प्रत आणि तिचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर दोन्ही घ्या.

अमेरिकेतली गाडी घेत असाल तर एक अडचण लक्षात ठेवा. सतरा अंकी गाडी क्रमांक १९८१च्या मॉडेलपासून आला. त्याआधीच्या गाड्यांचा इतिहास नेहमीच्या संगणकीय अहवालांत सापडत नाही. तिथे मालकी हक्काचा कागद, जुनी बिले आणि जुने फोटो यांवरच विसंबावे लागते.

पत्र्याची तपासणी

इंजिन नीट करता येते, रंग देता येतो. गंजलेला सांगाडा नीट करणे हे मोठ्या खर्चाचे काम आहे, आणि झेड गंजण्याच्या बाबतीत बदनाम आहे. माझ्या मते पाहणीचा तीन चतुर्थांश वेळ गाडीच्या खाली घालवावा.

बॅटरीखालचा ट्रे पहिल्यांदा बघा, कारण अ‍ॅसिड तिथून खाली झिरपत फायरवॉलपर्यंत पोचते. मग जमिनीच्या पत्र्याखालून पुढे-मागे जाणाऱ्या चेसिसच्या पट्ट्या. त्या दबलेल्या, वरून नवा पत्रा मारलेल्या किंवा जाड काळ्या रंगाखाली लपवलेल्या असतील तर सावध व्हा. पुढच्या मडगार्डची खालची टोके, दारामागचा वळणदार कोपरा, मागच्या चाकांच्या आतल्या कमानी आणि डिकीच्या दाराची चौकट या नेहमीच्या जागा. झेडजीसारख्या कमानी बसवलेल्या गाडीत त्या कशा बसवल्या ते आतून बघा. मूळ पत्रा कापून टोके उघडीच सोडली असतील तर पाणी तिथे वर्षानुवर्षे साचलेले असते. चुंबक जवळ ठेवा. तो पकडत नसेल तिथे रंगाखाली पुट्टी आहे.

फायरवॉलवरच्या नंबराभोवती बोट फिरवा. वेल्डिंगची कड, घासल्याच्या रेषा, आजूबाजूपेक्षा ताजा रंग यांपैकी काहीही जाणवले तर तो पत्रा दुसऱ्या गाडीतून कापून आणलेला असू शकतो. अपघातात संपलेल्या अस्सल गाडीचे कागद आणि नंबर साध्या गाडीला लावण्याची ही जुनी युक्ती आहे.

स्वतः जाता येत नसेल तर स्वतंत्र तपासनीस नेमा. विक्रेत्याने किंवा निर्यातदाराने सुचवलेला नको. त्याच्याकडून हे फोटो मागा: फायरवॉलवरचा नंबर जवळून आणि लांबून, बॉनेटखालची पाटी, इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर, रॅम्पवर घेतलेल्या गाडीचा खालचा भाग. इंजिन थंड असताना सुरू केल्याचा व्हिडिओही.

अस्सल गाडी एकदा डोळ्यांनी बघितलेली असली की हे सगळे सोपे जाते. जपानमधल्या झामा इथे निसानचा वारसा-संग्रह आहे, आगाऊ नोंदणी करून तो बघता येतो. दर फेब्रुवारीत योकोहामात 'नॉस्टॅल्जिक टू डेज' हे जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरते, तिथे झेडवर काम करणारे दुकानदार भेटतात. अमेरिकेत झेड कार क्लब असोसिएशनच्या वार्षिक मेळाव्यात लोक मोकळेपणाने बॉनेट उघडून दाखवतात. उत्तम गाड्या जाहिरातीत येण्याआधी अशाच ओळखींतून हात बदलतात, म्हणून क्लबचे सदस्यत्व आधी घ्या, गाडी नंतर.

पैसे देताना आणि तक्रार करताना

इसार देण्याआधी लेखी करार करा. त्यात गाडीचा प्रकार आणि चेसिस नंबर स्पष्ट लिहून घ्या: "ही अस्सल एचएस ३०-एच, २४० झेडजी आहे". हे वाक्य विक्रेता लिहायला तयार नसेल तर तुम्हाला उत्तर मिळाले. पूर्ण रक्कम निर्यातीचे कागद तयार होईपर्यंत देऊ नका.

- जपानमध्ये खासगी विक्रेते "तक्रार नाही, परतफेड नाही" असे लिहितात. तरीही तिथल्या दिवाणी कायद्याप्रमाणे, माहीत असलेला दोष लपवणाऱ्या विक्रेत्याला अशा अटीआड लपता येत नाही. त्याला तो माहीत होता हे सिद्ध करणे मात्र तुमच्यावर, म्हणून सगळे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरे जपून ठेवा.
- ब्रिटनमध्ये व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलेली गाडी वर्णनाप्रमाणे नसेल तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याखाली पहिल्या ३० दिवसांत ती नाकारून पैसे परत मागता येतात. खासगी विक्रेत्याकडून घेतल्यास हे संरक्षण मिळत नाही.
- अमेरिकेत खासगी विक्री बहुधा 'आहे तशी' असते. चुकीचा प्रकार सांगून विकली असेल तर फसवणुकीचा दावा करता येतो, आणि तिथेही लेखी वर्णनच उपयोगी पडते.

गाडी कुठे नेणार?

हा प्रश्न खरेदीनंतर विचारणारे खूप आहेत. आधी विचारा.

अमेरिका: २५ वर्षांहून जुन्या गाडीला सुरक्षा मानकांतून सूट आहे, एस ३०ला हा प्रश्नच येत नाही. कॅलिफोर्नियात १९७५ व त्याआधीच्या मॉडेलला धूर-तपासणी लागत नाही.

ब्रिटन: ३० वर्षांहून जुन्या, मूळ अवस्थेतल्या आणि उत्पादन बंद झालेल्या गाडीला आयातशुल्क नाही आणि व्हॅट ५ टक्के. इंजिन बदललेल्या, खूप फेरफार केलेल्या गाडीला ही सवलत नाकारली जाऊ शकते. नकली झेडजी इथे दुसऱ्यांदा महाग पडते.

ऑस्ट्रेलिया: आयातीची परवानगी गाडी जहाजावर चढण्याआधी हवी. त्याहून मोठी अडचण अ‍ॅस्बेस्टॉसची आहे. त्याच्या आयातीवर पूर्ण बंदी आहे आणि जुन्या गाड्यांच्या गॅस्केट, ब्रेक व क्लचमध्ये ते सापडते. ते जपानमध्येच काढून घ्या आणि प्रयोगशाळेचा दाखला बरोबर ठेवा, नाहीतर गाडी बंदरात अडकून भाडे चढत राहते.

भारत: वापरलेली गाडी आणायची तर ती साधारणपणे तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. विंटेज गाड्यांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत आणि त्या बदलत असतात. विदेश व्यापार महासंचालनालयाची ताजी अधिसूचना वाचल्याशिवाय आणि सीमाशुल्काचे काम करणाऱ्या दलालाकडून एकूण खर्च लेखी घेतल्याशिवाय पाऊल उचलू नका. देशात आधीच असलेल्या ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी विंटेज नोंदणी मिळते. पण तो नोंदणीचा नियम आहे, आयातीची परवानगी नव्हे. दोन्हींची गल्लत करणारी पत्रे आमच्याकडे अनेकदा येतात.

एवढे सगळे जमणार नसेल तर

अस्सल ४३२ किंवा झेडजी घेण्याइतकी पुंजी आणि धीर फार थोड्यांकडे असतो. तुम्हाला गाडी चालवायची असेल, तर एल २० इंजिनाची साधी, गंज नसलेली जपानी झेड किंवा कागद पूर्ण असलेली १९७२ची अमेरिकी २४० झेड घ्या. झेडजीचे रूपच आवडत असेल तर प्रामाणिकपणे नक्कल म्हणून विकली जाणारी गाडी नकलेच्या किमतीत घ्या आणि पुढे विकताना तुम्हीही ती नक्कल म्हणूनच विका. अस्सलचा भाव देण्याची वेळ आली, तर फायरवॉलवरच्या नंबराचा स्पष्ट फोटो आणि नोंदणीचा कागद हातात आल्याशिवाय एक येनही पाठवू नका.